कॉइलओव्हर कोकणात येईपर्यंत

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातील गॅरेजांमध्ये अलीकडे एक मागणी वरचेवर ऐकू येते. रोज कामावर जायला वापरायची आणि कधीमधी घाट चढून ड्रॅग शर्यतीला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या वेगाच्या शर्यतीला, न्यायची अशा एकाच गाडीचे मूळचे शॉकअप आणि स्प्रिंगा काढून तिथे बाजारातील कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग असलेले जोड, बसवून हवे असतात, आणि मिस्त्रीला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा गाडी किती खाली बसेल हाच असतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कॉइलओव्हर ज्या गरजांतून घडत गेले, त्यांत गाडी खाली बसवण्याची गरज बरीच उशिरा आली, आणि ड्रॅगच्या पट्टीवर तर एके काळी गाड्या मुद्दाम उंच केल्या जात.

चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये लवचीक भाग असावा ही कल्पना घोड्याच्या बग्गीइतकी जुनी आहे. लंबवर्तुळाकार कमानपाट्यांचे पेटंट इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट यांनी १८०४ मध्ये घेतले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे पाट्यांचेच राज्य राहिले. त्याला सबळ कारण होते. पाट्यांचा जुडगा वजन पेलतो, आसाला जागेवर धरून ठेवतो, आणि पाटे एकमेकांवर घासत असल्यामुळे उसळी काही प्रमाणात आपोआप शमते, म्हणजे एकाच भागात तीन कामे उरकतात. वेटोळ्याच्या स्प्रिंगचे पेटंट त्याही आधीचे, १७६३ चे आहे, आणि जितका ताण तितके लांबणे हा रॉबर्ट हूक यांचा नियम तर १६७८ मध्येच प्रसिद्ध झाला होता. तरीही वेटोळ्याची स्प्रिंग मोटारगाडीत रुळायला वेळ लागला, कारण ती वजन पेलण्यापलीकडे काहीच करत नाही. तिच्यात घर्षण जवळजवळ नसल्याने एका खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहते, आणि चाक मागेपुढे किंवा आडवे सरकू न देण्यासाठी वेगळे दांडे लावावे लागतात.

डुलणे थांबवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणाच्या चकत्या आल्या. त्या बोल्टने आवळून कमीजास्त करता येत, पण त्यांचा स्वभाव नेमका उलटा होता: हालचाल सुरू होताना त्या सर्वांत जास्त अडवत आणि हालचाल वेगात आली की कमी पडत. तेलाच्या शॉकअपने हा दोष दूर केला. बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते तेव्हा विरोध वेगाबरोबर वाढतो, त्यामुळे हळू डुलणे हळूच रोखले जाते आणि जोराचा धक्का जोराने अडवला जातो. आजचा महागातला महाग कॉइलओव्हरही याच तत्त्वावर चालतो, आणि त्याच्या डोक्यावरची कळ फिरवताना आपण तेलाची वाट अरुंद किंवा रुंद करत असतो.

स्प्रिंग आणि तेलाचा शॉकअप एकाच नळीत घालण्याचा सुरुवातीचा ठळक प्रयत्न इटलीत झाला. १९२२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेल्या लान्शिया लॅम्बडा या गाडीच्या पुढच्या चाकांना सरकते खांब होते आणि त्यांच्या पोटातच स्प्रिंग व तेलाचे शमन होते. अमेरिकेत १९३४ मध्ये जनरल मोटर्सने पुढची चाके स्वतंत्र केली. त्यामागे असलेले मॉरिस ऑली हे पूर्वी रोल्स-रॉइसमध्ये काम केलेले अभियंते होते. त्यांनी घालून दिलेला एक नियम कॉइलओव्हर घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि क्षणभराने मागच्या. म्हणून मागच्या बाजूचे डोलणे पुढच्यापेक्षा थोडे जलद ठेवले, तर दोन्ही टोके एकदमच स्थिरावतात आणि प्रवासी पुढेमागे झुलत नाहीत. चारही कोपऱ्यांना दिसेल ती कडक स्प्रिंग बसवली की हा हिशेब मोडतो आणि महागडा संच लावूनही गाडी घोड्यासारखी उधळते.

पुढचा टप्पा अर्ल मॅकफर्सन यांचा. जनरल मोटर्समध्ये असताना त्यांनी शेव्हरोले कॅडेट या छोट्या गाडीसाठी स्ट्रटची रचना आखली. ती गाडी बाजारात आलीच नाही. पुढे ते फोर्डमध्ये गेले आणि १९५० मध्ये ब्रिटिश फोर्डने दाखवलेल्या कॉन्सल व झेफर या गाड्यांना तशी रचना मिळाली. स्ट्रटमध्ये स्प्रिंग शॉकअपभोवती बसते, एवढेच नाही. शॉकअपची नळी हीच चाकाला उभे धरणारा खांब होते आणि वळणावरचा आडवा भार तिच्या दांड्यावर येतो. चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आर्म असलेल्या गाडीत मात्र कॉइलओव्हरला असा आडवा भार सोसावा लागत नाही. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालेल’ असे सांगून विकला जाणारा शॉकअप स्ट्रटच्या जागी लावणे धोक्याचे असते. शर्यतीच्या गाड्यांमध्ये कॉलिन चॅपमन यांनी १९५७ च्या सुमारास लोटस १२ च्या मागच्या बाजूला स्ट्रट वापरला, तर त्याच वर्षीच्या लोटस सेव्हनला स्प्रिंग-शॉकअपची एकत्र जोडणी होती.

याच दशकात फ्रेंच अभियंते ख्रिस्तियाँ बुर्सिए द कार्बों यांच्या वायुदाबाच्या एकनळी शॉकअपने आणखी एक अडचण सोडवली. खराब रस्त्यावर सतत काम करणाऱ्या शॉकअपमधले तेल तापते, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस छिद्रातून सहज निसटत असल्याने शमन नाहीसे होते. तरंगत्या दट्ट्यामागे दाबाखाली नायट्रोजन भरला की फेस धरत नाही. जर्मनीच्या बिल्स्टाइनने मर्सिडीज-बेंझसाठी ही रचना मोठ्या प्रमाणावर बनवली. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या माणसाला गाडीची उंची बदलणाऱ्या आट्यांपेक्षा या नायट्रोजनचा उपयोग अधिक होतो, असे माझे मत आहे.

आटे आले ते सर्किटच्या शर्यतींतून. तिथे प्रत्येक चाकावर किती वजन पडते हे काट्यावर मोजून जुळवावे लागे, आणि त्यासाठी शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडून त्यावर स्प्रिंगला आधार देणारी कडी फिरवणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरला. स्प्रिंगांचे आतले व्यासही हळूहळू ठरून गेले: युरोपात ६० मिलिमीटर, जपानी संचांत बहुधा ६५, अमेरिकेत अडीच इंच. त्यामुळे शॉकअप तोच ठेवून स्प्रिंग बदलता येऊ लागली. स्वीडनची ओलिन्स १९७६ ची, जपानची टेन १९८५ ची आणि जर्मनीची केडब्ल्यू १९९२ ची; या आणि अशा कंपन्यांमुळे शर्यतीतली ही वस्तू रस्त्यावरच्या गाड्यांसाठी डबाबंद संच म्हणून मिळू लागली.

ड्रॅगची परंपरा निराळ्या वाटेने आली. कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांवर वेग मोजणाऱ्या तरुणांतून ती उभी राहिली. १९५० मध्ये सांता ॲना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित पट्टी सुरू झाली आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ रेषेत, थांबलेल्या अवस्थेतून. इथे वळण नाही, त्यामुळे सारा प्रश्न सुटताना मागच्या चाकांवर वजन किती आणि किती लवकर पडते याचा. क्रायस्लरच्या अभियंत्यांच्या ‘रॅमचार्जर्स’ या क्लबने १९५९ मध्ये १९४९ च्या प्लिमथ गाडीला इतके उंच उचलले की तिचे नावच ‘हाय अँड मायटी’ पडले. गुरुत्वमध्य जितका वर, तितके वजन मागे जास्त सरकते, हे साधे गणित त्यामागे होते. टायरची पकड सुधारत गेली तशी ही उंची मागे पडली. पुढचे शॉकअप मात्र वेगळे झाले: नाक उचलताना जवळजवळ न अडवणारे आणि खाली बसताना घट्ट धरणारे.

वजन सरकण्याचा हिशेब आपल्या गाडीला लावून पाहावा. ११०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, दोन आसांमधले अंतर अडीच मीटर, आणि गुरुत्वाच्या निम्म्या त्वरणाने सुटणे; यात ११० किलो भार पुढच्या चाकांवरून मागे जातो. अमेरिकन मागच्या चाकांच्या गाडीला हे वरदान होते. कोकणात ज्या छोट्या हॅचबॅक आणि सेडानला कॉइलओव्हर लावले जातात, त्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्याने हाच ११० किलो त्यांच्या पकडीतून वजा होतो. गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवली तर तो ९९ वर येतो. फायदा आहे, पण एवढाच. स्प्रिंग कडक केल्याने हा एकूण आकडा बदलत नाही. शॉकअपमुळे बदलतो तो सरकण्याचा वेग. म्हणून पुढच्या चाकांच्या गाडीत अमेरिकन रीत उलटी करावी लागते: मागचा शॉकअप बसताना कडक, पुढचा उचलताना कडक, म्हणजे सुटण्याच्या पहिल्या क्षणी नाक वर जाण्याआधी टायरला रस्ता धरायला वेळ मिळतो.

भारतात या सगळ्यांतले फारच थोडे पोहोचले होते. ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, आणि मागे पाटे होते, कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनीला पुढे स्प्रिंगा आणि मागे पाटेच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढचा मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोहोचला. बदल करण्याच्या दृष्टीने ही मोठी घटना होती, कारण वरचे नट आणि खालचे बोल्ट काढले की अख्खा स्ट्रट हातात येतो. तयार संच मिळत नव्हते तेव्हा अनेकांनी मूळ स्प्रिंगचे वेटोळे कापून गाडी खाली बसवली. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग त्या प्रमाणात कडक होते, पण शॉकअप तोच राहतो आणि वाढलेल्या उसळीला तो पुरत नाही. शिवाय चाक लोंबकळले की कापलेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते. तारेची जाडी तर याहून निर्णायक, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: तार दहा टक्के जाड झाली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते.

आता कोकणाकडे. कशेडी, भोस्ते, परशुराम हे महामार्गावरचे घाट, आणि वर जायचे तर कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा आंबोली. गावोगावचे स्पीडब्रेकर, पावसाने उखडलेल्या कडा, घराकडे वळणारी जांभ्याची वाट, आणि गणपतीत पाच माणसे व सामान भरलेली तीच गाडी. पट्टीवर रिकाम्या गाडीला जुळवलेली उंची इथे इंजिनाखालचे तेलाचे चेंबर फोडते. खाली बसवलेल्या गाडीत शॉकअपची चालही अपुरी राहते आणि दांडा रबरी अडथळ्यावर आपटत राहतो. म्हणून ज्या संचात उंची खालच्या कंसाचे आटे फिरवून बदलते आणि स्प्रिंगचा दाब व शॉकअपची चाल कायम राहते, तो इकडे अधिक योग्य.

दुसरा शत्रू खारा वारा. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या गाडीचा संच एका पावसाळ्यानंतर खोलून पाहिला, तर पोलादी नळीवरच्या ॲल्युमिनियमच्या कडीखाली पांढरट भुकटी जमलेली आढळते. दोन वेगळे धातू आणि मिठाचे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, भुकटी आट्यांत फुगून बसते, आणि कडी पान्याला दाद देत नाही. जोर लावला की पान्याची खाच तुटते. बर्फावर मीठ टाकणाऱ्या जर्मनीतही हीच अडचण होती, आणि केडब्ल्यूने स्टेनलेस पोलादाची नळी वापरली ती त्यामुळेच. साधा संच असेल तर पावसाळ्याआधी आटे तारेच्या ब्रशने घासून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, आटे न धरू देणारे ग्रीस लावावे. नळीवर सायकलची ट्यूब चढवण्याची युक्ती वापरू नये, कारण पाणी आतच राहते.

बसवण्याच्या कामातही हा इतिहास दिसतो. बऱ्याच गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, त्यामुळे कॉइलओव्हर संचातली मागची जोडी खरे तर कॉइलओव्हर नसते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले की बुश पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि लवकर फाटते. ते चाके जमिनीवर टेकल्यावरच आवळावेत. उंची आटे मोजून ठरवू नये, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी, मग कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळणे) जुळवावे, आणि हेडलाइटचा रोख पुन्हा लावावा.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जर्मनीत प्रमाणपत्र असलेल्या संचाची गाडीच्या कागदांत नोंद करून घेता येते. तसा सोपा मार्ग आपल्याकडे कॉइलओव्हरसाठी नाही. कोकणात कायमची ड्रॅग पट्टीही नाही. चौपदरी झालेला महामार्ग पट्टीसारखा दिसतो, पण त्यावर दुचाकीस्वार, गुरे आणि शाळेची मुले असतात, आणि तिथे शर्यत लावणाऱ्याला कोणतेही सस्पेन्शन वाचवत नाही. शर्यती होतात त्या लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीसारख्या बंद धावपट्ट्यांवर, जिथे गेल्या दशकात अशा स्पर्धा भरल्या. त्यामुळे केवळ पट्टीसाठी बांधलेली गाडी ट्रेलरवरून न्यावी, आणि रस्त्यावरच्या गाडीला मूळचाच संच ठेवून त्याचे शॉकअप, टॉप माउंट व बुश वेळेवर बदलावेत.