कमजोर वादळाचा जोरदार पाऊस

‘चक्रीवादळाचा जोर ओसरला’ अशी पट्टी टीव्हीवर सरकली की नाशिककर निर्धास्त होतात. समुद्र शंभरेक किलोमीटर लांब, मध्ये सह्याद्री उभा, मग काळजी कसली? पण हवामान खातं वादळाची प्रतवारी करतं ती फक्त वाऱ्यावरून. ताशी ६२ किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ, ३१ ते ६१ मध्ये तीव्र किंवा अतितीव्र कमी दाबाचं क्षेत्र, त्याखाली नुसता कमी दाब. या प्रतवारीत पावसाचा एक मिलिमीटरही धरलेला नसतो. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं, आणि मराठवाड्याची दाणादाण उडाली ती ते ढिलं पडून इकडे सरकल्यावर, पुढच्या दोन दिवसांत.

वारा मरतो आणि पाऊस टिकतो, यामागे मोठा हात आहे तो घर्षणाचा. केंद्राकडे ओढणारा दाबाचा फरक आणि वाऱ्याला बाहेर रेटणारा वेग यांचा तोल साधला गेला की वारा केंद्राभोवती गोल फिरत राहतो. जमिनीवर डोंगर, झाडं, इमारती आडव्या येतात आणि खालचा किलोमीटरभराचा थर मंदावतो. वेग कमी झाला की बाहेरचा रेटा कमी होतो, दाबाची ओढ मात्र तशीच राहते. मग हवा गोल फिरण्याऐवजी तिरकी होऊन आत घुसते. पातेल्यातला चहा ढवळून चमचा काढून घ्या, तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते, तेही ह्याच कारणाने. आत आलेल्या हवेला खाली जागा नसते, ती वर चढते, थंड होते, बाष्पाचं पाणी होतं. म्हणजे जे घर्षण वादळाचा वारा मोडतं, तेच हवा वर ढकलून पाऊस पाडतं.

अर्थात वर जाणारी हवा दमट हवी. एका वेळी डोक्यावरच्या हवेत फार तर ६०-७० मिलिमीटर पावसापुरतं बाष्प असतं. दिवसात २०० मिलिमीटर पडायचे तर ते बाहेरून सतत यायला हवं. इथे कमी दाबाची जागा महत्त्वाची ठरते. केंद्र आपल्या उत्तरेला असेल तर त्याच्या दक्षिणेकडचे वारे पश्चिमेकडून, म्हणजे थेट अरबी समुद्रावरून येतात आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर चढतात. केंद्र दक्षिणेला असेल तर वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो आणि घाटाला तेवढा पाऊस मिळत नाही.

आता नदीकडे, म्हणजे गोदावरीकडे. १०० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी घनमीटर पाणी, सुमारे ०.३५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातलं निम्मं सहा तासांत ओढ्या-नाल्यांतून वाहून आलं तर सरासरी आठ हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) होतात. निम्मं की पाव, हे जमीन ठरवते. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकून उत्तर महाराष्ट्राकडे आलं, तेव्हा उन्हाळा नुकताच संपत होता. अशा वेळी भेगाळलेली काळी जमीन पाणी पिते, धरणातही जागा असते. सप्टेंबरअखेर तीच काळी माती फुगून भेगा बुजलेल्या असतात, आणि नाशिकच्या वरचं गंगापूर धरण बहुधा काठोकाठ. भरलेल्या धरणात जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. म्हणून तोच पाऊस सप्टेंबरात वेगळा पूर आणतो.

अशा पावसाला हल्ली सरसकट ‘ढगफुटी’ म्हणतात. ढगफुटी म्हणजे वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिलिमीटर. दिवसभरात १५० पडला तर त्याला अतिवृष्टी म्हणतात. आणि पंचांगात ‘वाहन हत्ती’ लिहिलंय म्हणून पूर येईल, हे तर सोडाच: ते वाहन सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांमधलं अंतर मोजून, नवाने भागून उरलेल्या बाकीवरून काढतात. त्या गणितात बाष्प कुठेच नाही.

रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती, ज्याच्या गुडघ्या-कमरेवरून नाशिककर पुराची उंची सांगतात, तो मात्र खरोखरीचं मोजमाप आहे, फक्त त्याची पट्टी सरळ नाही. रुंद पात्रात प्रवाह साधारण खोलीच्या ५/३ घाताने वाढतो: खोली दुप्पट व्हायला पाणी सव्वातीनपट लागतं. गुडघ्यापासून कमरेपर्यंतचा पूर पायापासून गुडघ्यापर्यंतच्या पुरापेक्षा कितीतरी जास्त पाणी घेऊन येतो. ‘अजून कमरेलाच आहे’ म्हणून सराफ बाजारात माल हलवायला थांबू नये.

पाऊस सुरू असताना दोन आकडे जोडीने पाहावेत: गंगापूरचा विसर्ग आणि शहरातल्या होळकर पुलाखालचा प्रवाह. धरणातून सोडलेलं पाणी शहरात पोहोचायला लागणारा वेळ जमेस धरून दोहोंतला जो फरक उरतो, तो धरणाखालच्या ओढ्या-नाल्यांचा आणि शहराच्या गटारांचा. त्यावर कोणाचाही दरवाजा नाही, धरण बंद केलं तरी ते पाणी येतंच. नासर्डी नदी तर होळकर पूल ओलांडल्यावर पुढे गोदावरीला मिळते, म्हणून तिचं पाणी त्या आकड्यातही दिसत नाही. नाशिकच्या खाली गोदाकाठच्या सायखेडा-चांदोरीकरांनी दारणा धरणाचा विसर्गही त्यात मिळवावा, कारण त्यांच्यापाशी दोन्ही पुरांची गाठ पडते आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्याला पाणी तुंबलं की ते त्यांच्याच गावात मागे सरतं.