फायब्रोमायाल्जिया: व्यायामाची मात्रा ठरवण्याआधी वाचा

रक्ताच्या तपासण्या नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, आणि अंग मात्र सकाळी उठल्यापासून आंबलेले. डोके जड, झोप होऊनही झोप न झाल्यासारखी, कुणी खांद्यावर सहज हात ठेवला तरी कळ. हा फायब्रोमायाल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ राहणारे दुखणे. फिजिओथेरपीसाठी आमच्याकडे पहिल्यांदा येण्याआधी त्याबद्दल हे वाचा. हे दुखणे मनाचे खेळ नाहीत आणि स्नायू झिजल्याचे लक्षणही नाही. स्नायूंकडून येणारा संदेश मज्जारज्जू आणि मेंदू वाढवून वाचतात, ही मूळ अडचण आहे. २००२ साली एका अभ्यासात अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला गेला. जेवढ्या दाबाला निरोगी माणसे ‘थोडे जाणवते’ म्हणाली, तेवढ्याच दाबाला फायब्रोमायाल्जियाच्या रुग्णांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग स्कॅनवर कितीतरी जास्त जागे झालेले दिसले. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये अशा वेदनेला ‘नोसिप्लास्टिक’ हे वेगळे नावही दिले.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की चालताना दुखले म्हणजे आत काही फाटले असे नव्हे. पण ‘दुखू दे, रेटत राहा’ असाही त्याचा अर्थ नाही. चिडलेल्या मज्जासंस्थेला रेटले की ती जास्तच चिडते.

निदानाबद्दल थोडक्यात

१९९० च्या निकषांत शरीरावरच्या १८ ठरावीक जागी सुमारे ४ किलोचा दाब देत, आणि अंगभर दुखणे असून किमान ११ जागी दुखले की निदान पक्के मानत. आता तसे करावे लागत नाही. २०१६ च्या सुधारित निकषांनुसार शरीराच्या ५ विभागांपैकी किमान ४ विभागांत दुखणे, त्यासोबत थकवा, ताजेतवाने न करणारी झोप, विसराळूपणा, आणि हे सगळे किमान ३ महिने, असे पाहून गुण दिले जातात. संधिवात किंवा मणक्याचा त्रास आधीपासून असला, तरी फायब्रोमायाल्जिया सोबत असू शकतो. थायरॉइड, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या) या तपासण्या डॉक्टर सांगतात त्या फायब्रोमायाल्जिया शोधायला नव्हे, तर तसेच दिसणारे दुसरे आजार वगळायला. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन गोळी सुरू असेल तर आवर्जून सांगा, तिच्यानेही स्नायू दुखू शकतात.

व्यायाम बिघडतो कुठे

युरोपीय संधिवात संघटनेने २०१६ च्या शिफारशींत औषधे आणि बाकीचे उपाय एकत्र तपासले. त्यात ‘जोरदार शिफारस’ एकाच गोष्टीला मिळाली, ती व्यायामाला. तरीही ‘व्यायाम करून पाहिला, उलट जास्त दुखले’ ही तक्रार खोटी नसते. मात्रा चुकलेली असते.

चूक जवळपास ठरलेली. बरे वाटणाऱ्या दिवशी साठलेली सगळी कामे उरकायची, मग दोन-तीन दिवस अंथरूण धरायचे, सावरले की पुन्हा कसर भरून काढायची. दर फेरीत पडून राहण्याचे दिवस वाढतात, दम कमी होतो आणि तेवढ्याच कामाने पुढच्या वेळी जास्त दुखते. यातून बाहेर पडायचे तर व्यायाम त्या दिवशीच्या तब्येतीवर सोडायचा नाही, घड्याळावर सोडायचा.

आपली सुरुवातीची मात्रा अशी काढा. ३ बऱ्या आणि ३ वाईट दिवशी, दुखणे वाढू लागेपर्यंत किती मिनिटे चालता आले ते लिहा. समजा, बऱ्या दिवशी १८, २२, २० आणि वाईट दिवशी ७, ९, ८. बेरीज ८४, सरासरी १४. तिचे ८० टक्के म्हणजे साधारण ११ मिनिटे. ही तुमची मात्रा. बऱ्या दिवशी ११ मिनिटांनी थांबायचे, अजून चालवत असले तरी. वाईट दिवशीही ११च, पण हवी तर ६ आणि ५ अशी दोनदा. पहिले दोन आठवडे ‘एवढ्याने काय होणार’ असे वाटेल. तसे वाटले तर मात्रा बरोबर आहे.

हाच हिशेब उभे राहणे, कॉम्प्युटरवर बसणे, कपड्यांना इस्त्री करणे, सगळ्याला लावता येतो.

वाढ एक-दोन आठवड्यांनी, साधारण १० टक्के. ११ चे १२. आधी वेळ वाढवा, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. एका आठवड्यात एकच गोष्ट. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त झाला. हळूहळू आठवड्यातून ३ दिवस २० ते ३० मिनिटांपर्यंत जायचे आहे, आणि त्याला ३ महिने लागले तरी चालतील.

मात्रा जमली का, हे दुसऱ्या दिवशी कळते. ० ते १० च्या मोजपट्टीवर दुखणे नेहमीपेक्षा २ पर्यंत वाढले आणि २४ तासांत उतरले, तर तेवढेच चालू ठेवा. त्याहून जास्त वाढले किंवा दुसरा दिवसही खाऊन गेले, तर एक पायरी मागे या. व्यायाम बंद करू नका.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. थोड्याशा श्रमानंतर एक-दोन दिवसांनी दुखण्यापेक्षा थकवाच कोसळत असेल, डोके चालेनासे होऊन माणूस दिवसेंदिवस झोपून राहत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला एमई/सीएफएस म्हणतात. त्यात ठरावीक वेगाने वाढवत नेलेला व्यायाम द्यायचा नाही. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये तसे स्पष्ट सांगितले आहे. असे होत असेल तर वरचा हिशेब वापरू नका, पहिल्याच भेटीत सांगा.

ताकदीचे व्यायाम

चालणे सुरळीत झाल्यावर, साधारण चौथ्या आठवड्यापासून. सुरुवातीचे वजन किंवा रबरी पट्टा असा निवडा की २० वेळा सहज जमेल, पण करा ८ ते १०च. दोन प्रकारांमध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती, आणि त्याच स्नायूंना पुन्हा काम देण्याआधी ४८ तास. खुर्चीतून उठणे-बसणे जड जात असेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून बैठक उंच करा. भिंतीला हात टेकून दंड काढा, जमिनीवर नको.

वजन खाली आणताना, उतार किंवा जिना उतरताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. अशा कामाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांचेच अंग धरते, फायब्रोमायाल्जियात जरा जास्तच. म्हणून सुरुवातीला वजन सावकाश खाली आणण्यावर भर देऊ नका आणि सपाट रस्ता निवडा. हात डोक्याच्या वर धरून ठेवणे (केस वाळवणे, वरचे कपाट आवरणे) हेही छळते. स्नायू सतत आवळलेला राहिला की त्याला रक्त कमी मिळते. अशा कामात दर मिनिटाला हात खाली सोडा.

स्ट्रेचिंग ताण जाणवेपर्यंत, कळ येईपर्यंत नाही, आणि १५ ते ३० सेकंद. ज्यांचे सांधे मुळातच जास्त वाकतात त्यांनी टोकापर्यंत ताणू नये. त्यांना ताकदीची गरज ताणापेक्षा जास्त.

गरम पाण्याच्या टाकीची सोय असेल तर ३२ ते ३४ अंश सेल्सियस पाणी, छातीपर्यंत खोल. पाण्यात शरीराचे वजन जाणवत नाही आणि उबेने दुखणे दबते. नेमका तिथेच घात होतो. बाहेर आल्यावर दमणूक कळते. पहिली वेळ १० मिनिटांची ठेवा. चालणे आवडत नसेल तर ताई ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) हाही खरा पर्याय आहे. २०१८ मधल्या २२६ जणांच्या चाचणीत तो एरोबिक व्यायामाइतका किंवा त्याहून सरस ठरला.

मशीन, मालिश, औषधे

टेन्स मशीनचा (त्वचेवर पट्ट्या लावून सौम्य विजेचा प्रवाह देणारे यंत्र) उपयोग होतो, पण पडून राहून लावण्यापेक्षा हालचाल करताना लावल्यास जास्त. प्रवाह जोरदार पण सोसवेल इतका हवा, नुसत्या मुंग्या आल्या तर कमी पडतो. शेक १५ ते २० मिनिटे, व्यायामाआधी. अंगठे खुपसून केलेली मालिश टाळा. रोज येऊन फक्त मशीन लावून घेण्याचा कोर्स आम्ही सुचवत नाही.

औषधे तुमचे डॉक्टर ठरवतात. तेवढे लक्षात ठेवा, की साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत, कारण त्यांतल्या बहुतेक सूज उतरवतात आणि इथे सूज नसते. प्रीगॅबालिनने (मज्जातंतूंच्या वेदनेवरची गोळी) चक्कर किंवा गुंगी येऊ शकते. नवी सुरू केली असेल तर तोल सांभाळण्याचे व्यायाम आधाराला धरूनच करा. कोणतीही गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

झोप

१९७५ साली निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडून पाहिली, तेव्हा त्यांचेही अंग दुखू लागले आणि दाबाला हळवे झाले. म्हणून झोपेला व्यायामाइतकेच महत्त्व. झोपण्याची नव्हे, उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही. दुपारची डुलकी २० मिनिटांची, ३ च्या आत. २० मिनिटे तळमळत असाल तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. मोठे घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे असेल, तर त्याचा स्वतंत्र इलाज होतो. तो राहिला तर बाकी कष्टांचा परिणाम अर्धाच दिसतो.

दुखणे उसळले तर

दुखणे उसळायला कारण आजारपण, प्रवास, मानसिक ताण, काही नसले तर नुसतेच. दोन दिवस मात्रा निम्मी करा, शून्य नको. श्वास ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, असे ५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. तिसऱ्या दिवशी पाऊण मात्रा, मग पूर्ववत.

ताप, कारण नसता वजन घटणे, सांध्याला सूज, एका हाता-पायाची ताकद जाणे, लघवी किंवा शौचावर ताबा न राहणे, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि चावताना जबड्यात कळ, ही मात्र फायब्रोमायाल्जियाची लक्षणे नव्हेत. त्यासाठी आमच्याकडे न थांबता डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचाचा ताबा सुटला किंवा अचानक हात-पाय लुळे पडले तर त्याच क्षणी.

पहिल्या भेटीला येताना

वरचा ६ दिवसांचा हिशेब, चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट आणा. रोज घालता तेच चालण्याचे बूट घाला. त्या दिवशी वेगळा व्यायाम करून येऊ नका. आपण ६ मिनिटांत किती अंतर चालता ते मोजू आणि २१ प्रश्नांचा एक तक्ता भरून घेऊ. त्याचे गुण ० ते १०० असतात, कमी तेवढे बरे. तोच तक्ता १२ आठवड्यांनी पुन्हा भरू. त्याआधी रोज आकडे ताडून पाहू नका, त्यात चढउतार असतातच.