धान, झाड, घर: गोठणगावच्या तिबेटी मुलांची शाळा

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ साली ती वसली तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. थंड, उघड्या पठारावरची माणसं झाडीपट्टीच्या उन्हात आणि धानाच्या शेतात आली.

पण त्यांच्या मुलांच्या शाळेची गोष्ट त्याआधीच सुरू झाली होती. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो कुटुंबं. त्यातली कितीतरी हिमालयात रस्ते बांधायच्या कामावर लागली, मुलं तिथंच तंबूंत. या मुलांसाठी वेगळ्या शाळा हव्यात, हे पंडित नेहरूंनी मान्य केलं. १९६० साली मसुरीत पहिली शाळा उघडली आणि १९६१ मध्ये अशा शाळा चालवायला केंद्र सरकारने स्वायत्त संस्था काढली. पोरांना आपल्यात मिसळून टाकण्याची घाई तेव्हा कुणी केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी गावाशी बोलायचं तर मराठी हवीच. तिबेटी मुळाक्षरं तीस. सुरुवात आपल्यासारखीच, क, ख, ग. पण पुढं लगेच ङ. घ नाही. झ, ध, भ हेही नाहीत. आता इथलं रोजचं बोलणं बघा: घर, झाड, धान, भात, भंडारा! ज्या आवाजाला घरच्या पाटीवर अक्षरच नाही, तो जिभेवर बसायला वेळ लागतोच. मास्तरांनी त्याला 'कच्चं पोरगं' म्हणू नये.

दुसरी अडचण पोटापाण्याची. नुसत्या शेतीवर भागत नाही म्हणून तिबेटी कुटुंबं हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरांत जातात. ऐन अभ्यासाच्या महिन्यांत आईबाप दुकानावर, मुलं आजीजवळ नाहीतर वसतिगृहात. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे; हे त्याच जातीचं.

आणि कागदांचं वेगळंच. निर्वासितांबाबतच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे ज्याला नागरिकत्व मिळालेलं नाही, तो इथंच जन्मला तरी परदेशीच धरला जातो. शेजारच्या गावातलं पोरगं दहावीचा फॉर्म भरतं, त्याच सुमारास, सोळाव्या वर्षी, याला स्वतःच्या नोंदणी प्रमाणपत्राचाही अर्ज करावा लागतो.