ते वाक्य व्होल्तेअरचं नाही

‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणानं जपेन.’ स्वातंत्र्यावरचं माझं सर्वांत लाडकं वाक्य. ते सर्रास फ्रेंच लेखक-विचारवंत व्होल्तेअरच्या नावावर सांगितलं जातं, पण ते त्याच्या लिखाणात नाही. ते आहे इव्हलिन बिआट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेचं. १९०६ साली तिनं टोपणनावानं व्होल्तेअर आणि त्याच्या मित्रांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रसंग येतो: तत्त्वज्ञ एल्वेसियूसचा ग्रंथ १७५९ मध्ये पॅरिसला जाळला गेला. व्होल्तेअरला तो ग्रंथ आवडला नव्हता, तरी ही जाळपोळ त्याला साफ नामंजूर होती. त्याची ही भूमिका हॉलबाईंनी स्वतःच्या शब्दांत मांडली, आणि वाक्याला अवतरणचिन्हं दिली! सगळी गफलत तिथे झाली. शब्द आपलेच असल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं, तरी श्रेय अजून त्यांच्या वाट्याला येत नाही.