दुखापत, खेळाडू आणि योग: नेमकं बरं काय होतं?

कीथ मिचेल हा अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर. समोरून धावत येणाऱ्या धिप्पाड माणसावर झेपावायचं आणि त्याला आडवं करायचं, हे त्याचं काम. २००० च्या हंगामात त्याची ‘प्रो बोल’साठी, म्हणजे निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड झाली होती. २००३ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडून खेळताना एका टॅकलमध्ये त्याच्या मणक्याला मार बसला आणि शरीर हलेनासं झालं. तिशीही न गाठलेल्या खेळाडूची कारकीर्द संपली. उपचारांच्या काळात तो जाणीवपूर्वक श्वास घ्यायला शिकला. पुढे ध्यान आणि आसनं आली, आणि यथावकाश तो स्वतःच योग शिकवू लागला.

अशी गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पोचेपर्यंत तिचं ‘योगाने लुळेपणा घालवला’ असं होतं. इथे जरा थांबायला हवं. मज्जारज्जूला मार बसला पण तो तुटला नाही, तर आतली सूज उतरेल तशी हालचाल परत येऊ शकते. ते काम शरीर करतं, डॉक्टर त्याला वाव देतात. गुडघ्याचंही तसंच. कबड्डीत ‘गुडघा गेला’ म्हणतात तेव्हा बरेचदा एसीएल नावाचा अस्थिबंध, म्हणजे गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटलेला असतो. तो पूर्ण तुटला की सांध्यातल्या द्रवामुळे टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरत नाही, म्हणून तो सहसा आपणहून नीट जुळत नाही. कोणतंही आसन त्याला पुन्हा जोडू शकत नाही.

मग योगाच्या वाट्याला काय येतं? माझ्या मते बरंच काही, फक्त ते वेगळ्या ठिकाणी.

दुखावलेली ऊती आधी सुजते, मग घाईघाईने कोलॅजनचे, म्हणजे तिला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणते. हे धागे सुरुवातीला वेडेवाकडे, गवताच्या पेंढीसारखे पडलेले असतात. त्यांना सरळ रांगेत आणायला महिने लागतात, आणि कोणत्या दिशेने रांग लावायची हे पेशींना कळतं ते ताणावरून. ताण आला की पेशी त्या दिशेने धागे रचतात. म्हणून आज डॉक्टर लांबलचक सक्तीच्या विश्रांतीऐवजी लवकर, पण मोजून मापून हालचाल सांगतात. ताण कमी पडला तर ऊती कमजोर राहते, जास्त झाला तर पुन्हा फाटते. सावकाश आसनात जाणं, तिथे स्थिर राहणं, तितकंच सावकाश बाहेर येणं, यात हा ताण ताब्यात राहतो. धावताना किंवा उडी मारताना तो तसा राहत नाही.

पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर वापरून हेच साधलं: शरीराचं वजन कुठे किती पडू द्यायचं, ते ठरवणं. १९७९ मध्ये, साठीत, स्कूटरच्या अपघातांत त्यांचे खांदे, मणका आणि गुडघे दुखावले. ज्या माणसाच्या आसनांचे फोटो जगभर पाहिले जात होते, त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

दुसरी गोष्ट वेदनेची. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं की दुखापतीचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतल्या एका ‘दारा’तून जातो, आणि ते दार किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती आणि ताण असेल तर तीच जखम जास्त दुखते. मिनिटाला साधारण सहाच्या गतीने श्वास घेतला की हृदयाची गती श्वासाबरोबर ठळकपणे वरखाली होऊ लागते आणि शरीर शांत अवस्थेकडे झुकतं. लुसियानो बर्नार्डी यांच्या इटालियन गटाने २००१ मध्ये दाखवलं की ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हटली काय किंवा ‘ॐ मणिपद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हटला काय, श्वास जवळपास याच गतीवर येतो. अंथरुणाला खिळलेल्या खेळाडूच्या हातात त्या वेळी श्वास सावकाश घेणं एवढं एकच काम असतं, ही मला यातली सर्वांत मोलाची बाब वाटते.

चाचण्यांचे निष्कर्ष मात्र बेताचे आहेत, आणि ते बहुतेक जुनाट कंबरदुखीवरचे. २०११ मध्ये अमेरिकेत २२८ जणांवर झालेल्या चाचणीत योग घरच्या घरी पुस्तक वाचून काळजी घेण्यापेक्षा सरस ठरला, पण साध्या स्ट्रेचिंगच्या वर्गापेक्षा नाही. २०१७ च्या ३२० जणांच्या चाचणीत तो फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. गूढ ऊर्जेचे दावे करणाऱ्यांना हे आवडणार नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत आणणाऱ्या स्वामी कुवलयानंदांना मात्र अशी मोजमापं नक्कीच हवी असती.

जखमी खेळाडू शिक्षक म्हणून का शोभतो, हेही यातच दडलंय. खेळ त्याला वर्षानुवर्षं दुखणं दाबायला शिकवतो: पट्टी बांध, इंजेक्शन घे, उतर मैदानात. बरं होताना त्याला उलट सवय लावावी लागते. स्नायूचा ताण कुठे संपतो आणि सांध्यातली कळ कुठे सुरू होते, हा फरक त्याने स्वतःच्या शरीरावर शिकलेला असतो. जन्मतः लवचीक असलेल्या शिक्षकाला तो कदाचित कधी शिकावाच लागत नाही. धोका एकच, जुनी जिद्द चटईवरही येते. योगाने इजा होत नाही असं नाही. पद्मासनात ओढूनताणून बसवलेला पाय गुडघ्यातली गादी फाडू शकतो. १९७१ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरने अशा तरुणाची नोंद केली, जो रोज तासन्‌तास वज्रासनात बसे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबून त्याचं पाऊल वर उचलेनासं झालं होतं.