चोर पळाला की बचाव संपला

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की लोक दोनपैकी एक वाक्य टाकतातच. बाहेरचा माणूस असला तर हॉटेलात चहा फुंकत म्हणतो, "तुमचं बरंय पाव्हणं, एका गालावर मारलं की दुसरा पुढं करायचा." आमच्या मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलंच तरणं पोरगं असलं तर म्हणतं, "काका, डोळ्याबद्दल डोळा शास्त्रातच लिहिलंय की." पहिल्याला वाटतं बचाव म्हणजे सूडच, म्हणून ख्रिस्ती माणसाला तो वर्ज्य. दुसऱ्याला वाटतं सूड म्हणजेच बचाव, म्हणून तो चालतो. जालन्याजवळ पाद्री नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली ती 19व्या शतकात. तेव्हापासून आम्ही इथंच आहोत आणि अजून हेच दोन डायलॉग ऐकतोय.

सूड कशाला म्हणतात ते आपल्याकडं कुणाला शिकवायला नको. एकानं बांध कोरला, दुसऱ्यानं कडब्याची गंजी पेटवली, तिसऱ्या पिढीला मूळ भांडण कशावरून झालं तेही ठाऊक नाही, कोर्टाच्या तारखा मात्र पाठ. बायबलातला याचा मूळपुरुष म्हणजे लामेख. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात तो बायकांपुढं फुशारकी मारतो की मला जखम केली म्हणून मी माणूसच मारला. भावाचा खून करणाऱ्या काइनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. 'डोळ्याबद्दल डोळा' हा नियम असल्या लामेखांना वेसण घालतो. एका डोळ्याला एकच, वर एक नाही, आणि तेही पंचांसमोर. त्याला सूडाचा परवाना समजणारा माणूस '40 वेगमर्यादा' ही पाटी वाचून त्याच्या खाली गाडी चालवायला घाबरत असणार.

'खून करू नको' या आज्ञेवर मी वेळ घालवत नाही. जुन्या इंग्रजी भाषांतरात तिथं नुसतं 'मारू नको' आलं आणि त्यावर साहेबलोक शेकडो वर्षं भांडत बसले. आपल्या मराठी शास्त्रात सरळ 'खून' शब्द आहे. मूळ हिब्रू शब्दही लढाईतल्या मारण्याला सहसा वापरत नाहीत.

गालाचं मात्र नीट वाचा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू 'उजवा गाल' म्हणतो. समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारून बघा. तळहात लागत नाही, पालथा हातच मारावा लागतो. यहुद्यांच्या मिश्ना या जुन्या कायदेसंग्रहात साध्या चापटीला 200 झूझ (चांदीची नाणी) दंड आहे आणि पालथ्या हाताच्या चापटीला 400, कारण दुखापत कमी असली तरी अपमान दुप्पट. म्हणजे इथं विषय आहे चारचौघांत झालेल्या अपमानाचा. कुऱ्हाड घेऊन दारात आलेल्याचा नाही. आणि स्वतः येशूला महायाजकासमोर शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा त्यानं काय केलं? योहान 18:23 काढा. त्यानं दुसरा गाल पुढं केला नाही, उलटून हातही उचलला नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असं तोंडावर विचारलं.

आता ज्या ओळीवर सगळे घसरतात ती. बायबलातलं निर्गम 22, ओवी 2 आणि 3. चोर घर फोडताना सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवल्यावर मारला, तर दोष आहे. लगेच पुढं लिहिलंय की चोरानं भरपाई करावी, आणि जवळ काही नसेल तर चोरीपायी त्याला विकावं. गुलामगिरीच्या जगातला कायदा आहे, तो मला गोड वाटत नाही. पण त्यातला हिशोब बघा. चोराला कामाला जुंपता येतं, त्याचा जीव घेता येत नाही.

'घर फोडणे' याला मूळ हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ खणून आत शिरणे. माळवदाच्या घरात वाढलेल्याला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. पांढऱ्या मातीची हातभर भिंत, रात्री पहारीचा धप्प धप्प आवाज, वरून झडणारी माती. आत अंधार. भगदाडातून येणारा एक आहे की चार, हातात काय आहे, त्याला भांडी पाहिजेत का तुमचा जीव, काहीच दिसत नाही. पोरं तिथंच गोधडीत झोपलेली. अशा वेळी चालवलेल्या काठीला शास्त्र दोष देत नाही. उजाडलं की हे सगळं बदलतं. तोंड दिसतं, हात दिसतात, हाक मारली तर गल्ली गोळा होते, चोराची ओळख पटते, पंचांपुढं उभं करता येतं. आता त्याला मारलं तर ती भीती नव्हे, राग. यहुदी पंडितांनी या सूर्याचा अर्थ आणखी पुढं नेला: तो तुमच्या जिवावर उठलेला नाही हे तुम्हाला सूर्यासारखं लख्ख ठाऊक असेल, तर रात्र असली तरी मारू नका.

म्हणून मार किती जोराचा, हत्यार कोणतं, यावरून बचाव की सूड ते ठरत नाही. त्या क्षणी धोका चालू होता का, एवढंच बघायचं. एकच काठी, एकच मनगट, एकच रात्र. चोराची पाठ फिरली की पुढचा फटका दुसऱ्या खात्यात जातो. लोक विचारतात, "पण सुरुवात त्यानंच केली ना?" सुरुवात कुणी केली हा सूडाचा आवडता प्रश्न आहे. बचावाला एवढंच विचारायचं असतं की अजून चालू आहे का.

गंमत म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही सूर्य आहे. कलम 41 मालमत्तेच्या बचावात जीव जाण्यापर्यंतचा हक्क कुठं आहे ते सांगतं, आणि त्यात सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी येते. कलम 43 म्हणतं हा हक्क घरफोडी चालू असेपर्यंतच. कलम 37 प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, उघड्या शेतातली चोरी ही घरफोडी नव्हे.

मंडळीत सगळ्यांचं एकमत आहे असंही नाही. जुना धर्मपंडित ऑगस्तीन म्हणत असे की सैनिक किंवा अधिकारी सोडून कुणी स्वतःच्या जिवासाठी दुसऱ्याला मारू नये. 13व्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडितानं वेगळं मांडलं: हेतू स्वतःला वाचवण्याचा असावा, जोर गरजेपुरता असावा, मग समोरचा मेला तरी दोष नाही. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे लोक आजही हात उचलत नाहीत, आणि त्यांना भेकड म्हणणाऱ्यावर माझं डोकं फिरतं. 1569 मध्ये नेदरलँड्समधला, त्यांच्याच परंपरेतला डर्क विलेम्स धर्मापायी टाकलेल्या तुरुंगातून पळाला, मागं लागलेला शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, डर्कनं परत फिरून त्याला काढलं आणि स्वतः पकडला जाऊन जाळला गेला. मला हे जमणार नाही. मी अक्वायनसच्या बाजूचा.

पण डर्कनं पुढं केलेला जीव त्याचा स्वतःचा होता. सासरी रोज मार खाणाऱ्या बाईला "बहिणी, दुसरा गाल" असं सांगणारा उपदेशक मी माझ्या कानांनी ऐकलाय. गाल त्याचा नव्हता. कॅथलिक धर्मशिक्षण 2265व्या परिच्छेदात स्पष्ट म्हणतं की ज्याच्यावर दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला बचाव हा नुसता हक्क नाही, गंभीर कर्तव्यही असू शकतं. आणि बचाव म्हणजे दरवेळी काठी असंही नाही. येशूचा प्रेषित पौल याला मारायला चाळीसावर माणसांनी शपथ घेतली तेव्हा त्याच्या भाच्याला कुणकुण लागली. पौलानं त्याला रोमन सरदाराकडं धाडलं आणि रात्रीतून फौजेच्या बंदोबस्तात तो कैसरियाला निघाला. त्या बाईनं पोलिसात जाणं यात बसतं.

हे सगळं मी शहाणपणानं लिहितोय, पण तीन वर्षांखालची एक रात्र सांगतो. सोयाबीन काढून गंजी लावली होती, मी आणि चुलतभाऊ जागलीला होतो. तीनच्या सुमाराला विहिरीकडं आवाज आला. मोटारीची केबल कापणारा एक जण. बॅटरी मारली तसा तो कोयता घेऊन भावाच्या अंगावर आला. मी मनगटावर काठी हाणली, कोयता पडला. त्या फटक्याबद्दल मला आजही काही वाटत नाही.

मग तो पळाला. ओढ्यात घसरला, तिथं धरला, ओढत आणून लिंबाला बांधला. दावं माझ्याच बैलाचं. फोन गेले, वस्तीवरून माणसं आली. एक जण मारताना म्हणत होता, "माझी मागच्या साली मोटार गेली." दुसऱ्याची शेळी गेली होती. त्या पोराला त्यांची शेतंही माहीत नसतील. मी थांबवलं नाही. लिंबामागं तांबडं फुटलं, त्याचा सुजलेला चेहरा दिसला, विशीतला असावा, तरी कुणी दावं सोडलं नाही.

आठ वाजता जमादार आले. वही काढली आणि मलाच विचारलं, "किती वाजता धरला?" मी म्हणालो, तीनला. "आणि मारणं कधी थांबलं?" पंधरा-वीस माणसं उभी होती. सगळे कोयत्याकडं बघत राहिले.