मालदीवमधील स्कूबा डायव्हिंग

भारताच्या नैऋत्येला, हिंदी महासागरात उत्तर-दक्षिण पसरलेल्या मालदीव बेटांच्या प्रवाळभित्तींवर हौसेने केले जाणारे पाण्याखालचे भ्रमण. पाणबुडे दाबाखालच्या हवेचे सिलिंडर पाठीवर बांधून साधारण १० ते ३० मीटर खोलीवर पाऊण ते एक तास राहतात. १९७२ मध्ये मालदीवचे पर्यटन सुरू झाले ते प्रामुख्याने अशा पाणबुड्यांच्या ओढीमुळे. आज मधुचंद्रासाठी आणि पाण्यावरच्या झोपड्यांसाठी हा देश अधिक ओळखला जातो, तरी त्याचे खरे वैभव पाण्याच्या पातळीखाली आहे. देशाची जमीन जेमतेम ३०० चौ. किमी. आहे आणि ती सुमारे १,२०० बेटांत विखुरलेली आहे. समुद्रसपाटीपासून तिची सरासरी उंची दीड मीटरच्या आसपास भरते.

बेटांची घडण

मालदीवच्या प्रवाळाखाली काळा बेसाल्ट आहे आणि त्याचे सह्याद्रीशी नाते आहे. सध्या रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळातून, म्हणजे भूगर्भातून तप्त खडक सतत वर येणाऱ्या जागेतून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत राहिला, तसतशी त्याच तप्तस्थळावर समुद्रातील ज्वालामुखींची रांग उभी राहत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस हे त्या रांगेचे अवशेष. ज्वालामुखी थंड होऊन खचत गेले, त्यांच्या माथ्यावरचे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वाढत राहिले. मूळ डोंगर बुडाले आणि प्रवाळाची कडी उरली. अशा कड्याला कंकणद्वीप म्हणतात. मालदीवमध्ये अशी २६ नैसर्गिक कंकणद्वीपे मोजली जातात.

खचणाऱ्या बेटांचा हा सिद्धान्त चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ते स्वतः मालदीवला गेले नव्हते. त्यांच्यासमोर जे नकाशे होते, ते मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनी सरकारच्या आरमारातील रॉबर्ट मोरेस्बी या अधिकाऱ्याने १८३४ ते १८३६ या काळात केलेल्या सर्वेक्षणातून तयार झाले होते. इथल्या ज्वरांनी सर्वेक्षकांचे फार हाल केले, तरी ते काम इतके चोख उतरले की पुढे कित्येक दशके जहाजे त्याच नकाशांवर चालली.

दिवेही या मालदीवच्या भाषेत भित्तींच्या प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत आणि जगभरचे पाणबुडे ती जशीच्या तशी वापरतात. कंकणद्वीपाच्या कडेची भित्ती म्हणजे ‘फारू’. आतल्या शांत पाण्यात तळापासून उठून जवळजवळ पृष्ठभागापर्यंत आलेला प्रवाळाचा उंचवटा म्हणजे ‘गिरी’. माथा काही मीटर खोल राहिलेला उंचवटा म्हणजे ‘थिला’. कड्याला पडलेली आणि आतले पाणी महासागराशी जोडणारी खिंड म्हणजे ‘कंदू’. डाइव्हच्या ठिकाणाच्या नावातच हा शब्द येत असल्याने मासे कुठे असतील आणि पाणी कसे वागेल, याचा अंदाज नावावरूनच येतो.

प्रवाह आणि मोसमी वारे

मालदीवची डाइव्ह समजून घ्यायची, तर प्रवाळापेक्षा आधी प्रवाह समजून घ्यावा लागतो. बेटांची ही रांग महासागरात शेकडो किलोमीटर लांब आडव्या बांधासारखी पडली आहे. मोसमी वाऱ्यांनी ढकललेले पाणी या बांधाला आडवे येते आणि त्याला वाट मिळते ती फक्त कंदूंमधून. साहजिकच तिथे ते जोराने वाहते. ज्या बाजूने महासागराचे पाणी आत शिरते तिथे ते निळे, स्वच्छ असते आणि ३० मीटरवरचेही स्पष्ट दिसते. आतून फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडताना त्यात प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव मिसळलेले असतात आणि पाणी हिरवट, गढूळ दिसते.

वर्षातून दोनदा ही व्यवस्था उलटते. साधारण डिसेंबर ते एप्रिल या काळात ईशान्य मोसमी वारे असतात आणि प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो. त्यामुळे पूर्वेकडच्या कंदूंमध्ये स्वच्छ पाणी आणि राखाडी रीफ शार्क मिळतात, तर मांटा पश्चिमेकडे जमतात. मे ते नोव्हेंबर या नैऋत्य मोसमी काळात प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो आणि मांटांचाही मुक्काम पूर्वेला हलतो. मांटा हा आपल्याकडच्या पाकटांच्या कुळातला, पण काटा नसलेला आणि केवळ प्लवकांवर जगणारा मासा. त्यामुळे माणसाला आवडणारे स्वच्छ पाणी त्याच्या दृष्टीने रिकामे ताट असते. ‘मालदीवला जायचा चांगला महिना कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही ते यामुळेच. महिना ठरला की बाजू ठरवावी लागते.

कंदूतील डाइव्ह पाणी आत येत असतानाच करतात. होडी पाणबुड्यांना भित्तीच्या बाहेरच्या अंगाला सोडते. ते थेट २५ ते ३० मीटरपर्यंत उतरून खिंडीच्या कोपऱ्यावर थांबतात. मेलेल्या प्रवाळाच्या खडकात आकडा अडकवून, दोरीच्या आधाराने प्रवाहात तरंगत राहायचे आणि समोरच्या निळ्या पाण्यात शार्क, ईगल रे आणि ट्यूना म्हणजे कुप्याचे थवे बघायचे. हवा अर्ध्यावर आली की आकडा सोडतात आणि प्रवाहच त्यांना आत वाहून नेतो. पाणी बाहेर जात असेल तर हीच खिंड पाणबुड्याला खुल्या समुद्रात नेऊन सोडू शकते. म्हणून अनुभवी डाइव्हमास्टर आधी स्वतः उडी मारून प्रवाहाची दिशा पाहतो आणि मगच ठिकाण ठरवतो. ठरलेले ठिकाण ऐनवेळी बदलले म्हणून हिरमुसणाऱ्या पाहुण्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. असा बदल करणारा डाइव्हमास्टर आपले काम नीट करत असतो.

प्रमुख ठिकाणे

बा कंकणद्वीपातील हनिफारू हा छोटा उपसागर मांटांसाठी जगप्रसिद्ध आहे. नैऋत्य मोसमात, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीच्या वेळी, प्लवक इथे कोंडले जातात आणि कधी कधी शंभराहून अधिक मांटा एकत्र चरतात. बा कंकणद्वीपाला २०११ मध्ये युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. हनिफारूत २०१२ पासून स्कूबाला मनाई आहे. सिलिंडरमधून सुटणारे बुडबुडे आणि पाणबुड्यांची गर्दी यांमुळे चरणारे मांटा विचलित होतात, म्हणून तिथे फक्त स्नॉर्केल लावून पृष्ठभागावरून पाहता येते. हा निर्णय अनेक डाइव्ह कंपन्यांना रुचला नव्हता, पण तो योग्यच होता. प्रत्येक मांटाच्या पोटावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते. त्यावरून मालदीवमध्ये आजवर पाच हजारांहून अधिक मांटांची नोंद झाली आहे.

दक्षिण अरी कंकणद्वीपाच्या बाहेरच्या भित्तीवर व्हेल शार्क वर्षभर दिसतात. त्यांत बहुतेक पूर्ण वाढ न झालेले नर असतात. २००९ मध्ये हा पट्टा संरक्षित झाला. तरीही एका माशाभोवती दहा-बारा होड्या आणि पाण्यात पन्नास माणसे हे दृश्य इथे विरळा नाही, आणि कित्येक माशांच्या अंगावर होडीच्या पंख्याने झालेल्या जखमांचे व्रण आहेत. उत्तर अरीतील माया थिला रात्रीच्या डाइव्हसाठी नावाजलेला आहे. पांढऱ्या टोकाचे रीफ शार्क तिथे अंधारात शिकारीला निघतात. वावू कंकणद्वीपात कंदूंची रांगच आहे. अगदी दक्षिणेला, एकाच बेटाचे बनलेले फुवामुला टायगर शार्कसाठी ओळखले जाते. तिथल्या बंदरात मासे साफ केल्यावर टाकले जाणारे तुकडे खायची या शार्कना पूर्वीपासून सवय लागलेली आहे. नवशिक्यांनी तिथे जाऊ नये.

राजधानी मालेजवळ हुलहुले बेटाच्या भित्तीवर फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘मालदीव व्हिक्टरी’ हे मालवाहू जहाज आपटून बुडाले. रिसॉर्टांसाठीच्या सामानाने भरलेले हे जहाज आता प्रवाळ आणि स्पंजांनी मढले आहे.

इतिहास

ऑस्ट्रियाचे पाणबुडे-संशोधक हान्स हास १९५७-५८ मध्ये ‘क्सारिफा’ या जहाजातून इथे आले. मालदीवच्या भित्तींचे पाण्याखाली उतरून केलेले हे सुरुवातीचे शास्त्रीय निरीक्षण. १९७२ च्या आरंभी जॉर्ज कॉर्बिन या इटालियन प्रवास-व्यावसायिकाने पहिला गट मालेत आणला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. त्याच्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि छपरे नारळाच्या झावळ्यांची होती. त्या काळात हे स्वाभाविकच होते. मालेतील १६५८ ची जुनी जुम्मा मशीद कोरीव प्रवाळाचीच आहे. पुढे बांधकामाचा वेग वाढला तेव्हा खणून काढलेल्या भित्ती वर्षानुवर्षे भरून आल्या नाहीत आणि सरकारला उत्खननावर बंधने घालावी लागली. १९९५ मध्ये डाइव्हची १५ ठिकाणे संरक्षित जाहीर झाली.

शार्कचे संरक्षण पैशाच्या हिशेबातून आले, हे स्पष्ट सांगायला हवे. १९९३ च्या एका अभ्यासात असे दिसले की जिवंत राखाडी रीफ शार्क डाइव्हच्या ठिकाणी वर्षाला सरासरी ३,३०० डॉलरचे उत्पन्न मिळवून देतो, तर मेलेला कोळ्याला एकदाच सुमारे ३२ डॉलर देतो. बंदीपर्यंत पोहोचायला मात्र २०१० साल उजाडले. त्या वर्षी देशाच्या सगळ्या पाण्यात शार्कची मासेमारी थांबली.

पद्धती आणि नियम

डाइव्ह करण्याचे तीन मार्ग आहेत. रिसॉर्टच्या डाइव्ह सेंटरमधून जाणे सोयीचे असले तरी महागडे पडते आणि आवाका जवळपासच्या भित्तींपुरता राहतो. लिव्हअबोर्ड म्हणजे राहण्याची सोय असलेल्या मोठ्या बोटीवर आठवडाभर राहून दिवसाला तीन डाइव्ह केल्या जातात. सिलिंडर आणि कॉम्प्रेसर सोबतच्या धोनीवर, म्हणजे स्थानिक पद्धतीच्या होडीवर, असतात. तिसरा मार्ग २००९ नंतर खुला झाला. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालवायला परवानगी मिळाली आणि माफुशीसारखी गावे डाइव्हची केंद्रे बनली. या बेटांवर दारूला बंदी आहे, पेहरावाची मर्यादा पाळावी लागते आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी सगळे बंद असते. पण पर्यटनाचा पैसा थेट गावात पोहोचतो तो इथेच. डाइव्हमास्टर मुलगा ज्या भित्तीवर नेतो, तिथेच त्याचे वडील-आजोबा आमिषाचे मासे पकडत आले, असे सहज घडते.

देशाच्या नियमांनुसार हौशी डाइव्हिंगची मर्यादा ३० मीटर आहे. एकट्याने उतरायला आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणे अनिवार्य ठरेल इतका वेळ खाली राहायला मनाई आहे. या मर्यादेमागे साधे गणित आहे. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो, त्यामुळे सिलिंडरमधली हवाही चौपट वेगाने संपते आणि रक्तात नायट्रोजन अधिक विरघळतो. भरभर वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मज्जारज्जू आणि मेंदू यांना इजा होते. म्हणून वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबतात. शेवटची डाइव्ह आणि विमानप्रवास यांत किमान १८ तास आणि शक्यतो पूर्ण दिवस सोडतात. इजा झालीच तर बंडोस बेटावर पुनर्संपीडन कक्ष (रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करण्याची खोली) आहे, पण कोणत्याही बेटावरून तिथे पोहोचण्यात वेळ जातो. प्रवाळ, शंख, कासवाचे कवच यांना हात लावू नये आणि ते देशाबाहेर नेऊ नये.

तापलेले पाणी

इथल्या समुद्राचे तापमान एरवी २७ ते ३० अंश सेल्सियस असते. ते नेहमीच्या उन्हाळी कमाल पातळीपेक्षा अंशभर जरी काही आठवडे वर राहिले, तरी प्रवाळ आपल्या ऊतींमधील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात. प्रवाळांचे बहुतांश अन्न आणि रंग या शैवालांकडूनच येतात, त्यामुळे भित्ती पांढरी पडते आणि उष्णता टिकल्यास मरते. १९९८ च्या एल निनोमध्ये मालदीवच्या उथळ भित्तींवरील सुमारे ९० टक्के प्रवाळ मेले. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा वर्षांत भित्ती पुन्हा दाट झाल्या. इतकी जिवट आहे ही सृष्टी. पण २०१६ मध्ये पाहणी झालेल्या प्रवाळांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पुन्हा पांढरे पडले आणि २०२४ मध्ये आणखी एकदा तेच झाले. सावरायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि ती मिळेनाशी झाली आहेत. ऑक्टोबर २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी गिरिफुशी बेटाजवळ पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली ती याच काळजीपोटी. मंत्र्यांनी त्यासाठी डाइव्हिंगचे शिक्षण घेतले होते.

रिसॉर्टांमधून लोखंडी चौकटींवर प्रवाळाचे तुकडे बांधून रोपे वाढवण्याचे प्रयोग चालतात. त्यांतून थोडी जागा हिरवते आणि पाहुण्यांना भित्तीची ओळख होते. तापलेल्या पाण्यात मात्र ही रोपेही इतर प्रवाळांसारखीच पांढरी पडतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून मालेला थेट विमाने आहेत आणि भारतीयांना व्हिसा विमानतळावरच मिळतो. शिक्षण न घेता प्रशिक्षकाच्या हाताला धरून केलेली उथळ पाण्यातली एखादी डाइव्ह मालदीवमध्ये सर्वत्र मिळते. कंदू आणि थिला पाहायचे असतील तर आधी ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम करून काही डाइव्ह गाठीला असाव्यात. सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डाइव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. मालवणचे पाणी मालदीवइतके स्वच्छ नसते. अशा पाण्यात शिकलेल्याला तिथे तोल सांभाळणे सोपे जाते. प्रवाहाची सवय मात्र तिथेच करावी लागते.

मे महिन्याची सुटी आपल्याकडे सोयीची असली तरी मालदीवमध्ये तेव्हा नैऋत्य मोसम सुरू होत असतो. समुद्र खवळलेला असतो आणि वर्षातले सर्वांत तापलेले पाणीही एप्रिल-मेमध्येच असते. दिवाळीच्या सुटीत पूर्वेकडच्या मांटांचा मोसम संपत आलेला असतो, पण अजून संपलेला नसतो. जानेवारी ते मार्च या काळात वारा मंद असतो आणि पूर्वेकडच्या कंदू सर्वांत स्वच्छ असतात. लिव्हअबोर्डच्या जागा याच महिन्यांत सर्वांत आधी भरतात.